पाव्हण्याचं गाणं

माझा मामू कासम पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याच्या प्रचाराच्या जीपवर एकच गाणं वाजत होतं. शेवटच्या निवडणुकीतही तेच वाजत होतं. मधल्या काळात त्याने दोनदा पक्ष बदलला, गाणं मात्र बदललं नाही. आखातात गेलेल्या कोकणी माणसाचं दुःख कासमभाईंनी पहिल्यांदा शब्दांत मांडलं, असं लोक म्हणतात. त्याच्या सत्काराच्या प्रत्येक पत्रिकेत हे वाक्य असतं. हे वाक्य चूक आहे. ते कसं चूक आहे हे मला माहीत आहे, कारण ते शब्द कागदावर मी उतरवले. तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

आम्ही दुबईच्या करामा भागात राहत होतो. दुसरा मजला, एक बेडरूम, एक हॉल. हॉलमध्ये अब्बांनी प्लायवूडची आडभिंत घातली होती आणि तिच्या पलीकडे मामू झोपायचा. अब्बा बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. अम्मीचा हा धाकटा भाऊ त्यांच्याच ओळखीने आला आणि मीना बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात सेल्समन म्हणून लागला. खिडकीतला एसी सतत घरघरत असायचा आणि त्याचं पाणी खाली ठेवलेल्या डालड्याच्या डब्यात ठिबकायचं. डबा रिकामा करणं हे माझं काम होतं. स्वयंपाकघराला सुक्या जवळ्याचा वास होता. अम्मी गावाहून आलेला जवळा तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवायची, तरी तो वास जिन्यापर्यंत जायचा, आणि खालच्या मजल्यावरची केरळी बाई अम्मीला म्हणायची, ‘आपका घर में आज अच्छा दिन है क्या?’ शुक्रवारी अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापायची. देरा मासळीबाजारातून अब्बा शेरी मासा आणायचे. अम्मी दर वेळी म्हणायची की याला सुरमईची चव नाही, आणि दर वेळी सालन पुरायचं नाही.

पुरायचं नाही, कारण शुक्रवारी आमच्याकडे माणसं यायची. जुम्म्याची नमाज झाली की आमच्या पंचक्रोशीतली एकटी राहणारी आठ-दहा माणसं जिना चढायची. कुणी एसी मेकॅनिक, कुणी ट्रकवर, कुणी बांधकामाच्या साइटवर. त्यांच्या खोल्यांत सहा-सहा माणसं होती. आमच्याकडे दोन गोष्टी होत्या, दार बंद होणारी खोली आणि मामूचा डबल डेक टेपरेकॉर्डर. यांतल्या बहुतेकांना पत्र लिहिता येत नव्हतं, किंवा त्यांच्या बायकांना वाचता येत नव्हतं. लिहून घेणारा आणि वाचून दाखवणारा अशी दोन माणसं नवरा-बायकोच्या मध्ये यायची. म्हणून ते कॅसेटवर बोलायचे. गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून कॅसेट जायची. बायको ऐकायची, त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरायची आणि परत पाठवायची. नवऱ्याचं बोलणं तिच्या उत्तराखाली पुसलं जायचं आणि तिचं उत्तर नवऱ्याच्या पुढच्या बोलण्याखाली. एकेक कॅसेट वर्षानुवर्षं समुद्र ओलांडत राहायची आणि तिच्यात कधीही एकाहून जास्त पत्र नसायचं.

या सगळ्याचे नियम होते. कुणी ते ठरवले नव्हते, पण सगळे पाळायचे. ए बाजू सगळ्यांची आणि बी बाजू एकट्याची. गावाहून कॅसेट आली की ए बाजू हॉलमध्ये चहाबरोबर लागायची. तिच्यात बाई सगळ्यांची नावं घेऊन सलाम सांगायची, विहिरीला पाणी किती आहे, कुणाच्या घरी लग्न निघालंय, कुणाची गाय व्याली. मग ज्याची कॅसेट असेल तो ती उलटी करून आतल्या खोलीत जायचा आणि दार लावायचा. उत्तर भरायलाही तसंच. कुणी बी बाजू बोलायला आत गेलं की अम्मी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडायची. पाणी वाया जातंय म्हणून अब्बा कुरकुरायचे. अम्मी म्हणायची, ‘जाऊ दे. त्याला बोलू दे.’ माणूस डोळे पुसत बाहेर आला तरी कुणी त्याच्याकडे बघायचं नाही. कुणीतरी म्हणायचं, ‘यल्ला, भाकरी थंड होतेय.’

अबूधाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत मुलीच्या घरी मी हे लिहिते आहे, तिथे माझा नातू व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बोलतो. दाराआड नळ सोडायचा म्हणजे काय, हे मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, ‘सो यू हॅड प्रायव्हसी सेटिंग्ज.’ मी हो म्हटलं.

मामूला गाण्याचा नाद होता, आणि आवाज चांगला होता, हे मी मान्य करते. हळदीची गाणी त्याने बायकांकडून उचलली होती, त्याच चालींवर तो नवीन शब्द बसवायचा. कफील म्हणजे व्हिसा काढून देणारा अरब मालक, व्हिसा, सुटकेस, विमान. ती गाणी बरी होती, पण कुणी दुसऱ्यांदा म्हणायला लावत नसे. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने त्याची सहा गाणी नाकारली होती. तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं, ‘भाई, इसमें आदमी किधर है?’ मामूने ते अब्बांना सांगितलं तेव्हा तो हसत होता, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

भरलेल्या कॅसेट कुणी गावी जाणारा मिळेपर्यंत आमच्याकडेच राहायच्या. मामूच्या पलंगाखाली बुटांचं एक खोकं होतं, त्यात. कधी चार दिवस, कधी दोन आठवडे. एका दुपारी शाळेतून आले तेव्हा मामू घरी होता. अम्मी खाली गेली होती. डबल डेकच्या एका खणात एक जुनी कॅसेट होती, दुसऱ्या खणात नवी कोरी. दोन्ही फिरत होत्या. मामूने मला वही आणायला सांगितलं. तो उर्दू शाळेत शिकलेला, त्याला देवनागरी नीट येत नसे, आणि कंपनीला गाणी देवनागरीत हवी होती. मी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होते, माझं अक्षर चांगलं होतं. तो म्हणाला, ‘हे ऐक आणि जसंच्या तसं उतरव. एक शब्द सोडू नको.’

आवाज रौफचाचांचा होता. रौफचाचा आमच्या शेजारच्या वाडीचे, एसीचं काम करणारे. फार कमी बोलणारे. हॉलमध्ये ते दाराजवळ बसायचे आणि जाताना सगळ्यांचे चहाचे कप स्वतः विसळून ठेवायचे. नुकतेच दोन वर्षांनी सुट्टीवर जाऊन आले होते. कॅसेटवर ते बायकोशी, जुबेदाशी, बोलत होते. ते म्हणत होते, मी अंगणात उभा राहिलो तेव्हा आपला मुलगा धावत आत गेला आणि तुला म्हणाला, कुणीतरी पाव्हणा आलाय. कुंपणापलीकडच्या बायका हसल्या, तू हसलीस, मीही हसलो. मग रात्री तू म्हणालीस की तुमच्या अंगाला परक्या पाण्याचा वास येतो. तू सहज बोललीस, मला ठाऊक आहे. पण मी इथे येऊन रोज दोनदा अंघोळ करतो, अंग हुंगून बघतो, तरी मला तो वास येत नाही. मला कळत नाही की माझा मूळ वास कोणता होता.

मी हे सगळं उतरवलं. दोन ठिकाणी मामूने कॅसेट मागे घेऊन परत ऐकवली, कारण पाण्याच्या नळाचा आवाज मध्ये येत होता. तो अम्मीने सोडलेला नळ होता. हे मी ओळखलं. ही बी बाजू आहे, हेही ओळखलं. मी विचारलं नाही. पुढे पस्तीस वर्षं मी मुंबईच्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचं काम केलं, आणि माणसाने तुम्हाला हे छापायला सांगितलं होतं का, हा प्रश्न मी शेकडो वार्ताहरांना विचारला. पहिल्यांदा तो विचारायला हवा होता तेव्हा मी वही मिटली आणि एसीचा डबा रिकामा करायला गेले.

मामूने त्यातून गाणं केलं.

पोर म्हणे दारी कुणी पाव्हणा हा आला,
घरची म्हणे, परक्या पाण्याचा वास तुला लागला.

कंपनीने या वेळी नकार दिला नाही. कॅसेट मुंबईत निघाली आणि गावोगाव गेली. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे. वेष्टनावर मामूचा फोटो होता, मागे समुद्र रंगवलेला, आणि खाली लिहिलं होतं, गीत, संगीत व आवाज. बर दुबईतल्या दुकानात खोकं आलं तेव्हा मामूने त्यातल्या दहा कॅसेट घेतल्या आणि शुक्रवारच्या मंडळींना वाटल्या. सगळ्यांना गाणं आवडलं. अब्बांच्या वर्कशॉपमध्ये त्यांना लोक गाणेवाल्याचे दुलाभाई, म्हणजे भावोजी, म्हणू लागले. अब्बा ते घरी येऊन दोनदा सांगायचे. रौफचाचा तेव्हा दोन महिने दूर रुवैसच्या कामगार कॅम्पवर होते. त्यांनी गाणं ऐकलेलं नव्हतं.

ते परत आले तो शुक्रवार मला संपूर्ण आठवतो. अम्मीने त्या दिवशी तांदळाच्या रव्याची सांदणं केली होती. जुबेदाचाचींची कॅसेट आठवडाभरापूर्वी कुणीतरी त्यांच्या खोलीवर आणून दिली होती. रौफचाचांनी ती खिशातून काढून मामूच्या हातात दिली. ‘लाव कासम. बघू, विहिरीचं काय झालं.’

मामूने ए बाजू लावली. सलाम नाही, कुणाचं नाव नाही. खरखर झाली, लाउडस्पीकरचा आवाज आला, आणि लांबून मामूचंच गाणं सुरू झालं. कुठल्यातरी मांडवात वाजत होतं आणि कुणीतरी टेप हातात धरून ते भरलं होतं. हॉलमधली माणसं खूश झाली. ‘अरे वा, भाभीने तुझंच गाणं पाठवलं, कासम.’ ट्रकवाला दाऊद मांडीवर ठेका धरून बरोबर म्हणू लागला. मामू हसत होता. पहिल्या ओळीला रौफचाचा कप हातात धरून बसले होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी कप खाली ठेवला. कॅसेटमध्ये बायका हसत होत्या. त्यांच्यातली एक अगदी टेपजवळ बोलली, ‘अगं, हा तर जुबेदाचा पाव्हणा. वास घे गं, वास घे.’ पुन्हा हसणं. दाऊदचा ठेका थांबला. गाणं संपलं. बराच वेळ नुसती टेप फिरत होती. मग जुबेदाचाचींचा आवाज आला, हळू, पण अगदी स्पष्ट.

‘आता काही बोलू नका.’

रौफचाचांनी उठून कॅसेट उलटी करून लावली. बी बाजू कोरी होती.

त्यांनी कॅसेट बाहेर काढली. ती उलटी करून तिची मागची कड पाहिली. कॅसेटच्या त्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या जिभल्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. दुकानातून आणलेल्या गाण्यांच्या कॅसेटमध्ये त्या मोडलेल्याच असतात. आमच्या लोकांच्या कॅसेटमध्ये त्या कधी कुणी मोडत नसे, कारण उत्तर भरायचं असायचं. जुबेदाचाचींनी दोन्ही मोडल्या होत्या.

‘कासम,’ रौफचाचा म्हणाले, ‘हे बी बाजूचं होतं.’

‘अरे, नाव कुठं घेतलंय तुझं?’ मामू म्हणाला. ‘इथला प्रत्येक जण पाव्हणाच आहे. तुझं दुःख आज अख्ख्या कोकणाचं झालं, हबीबी. खूश हो.’

‘तू ऐकलंस कधी?’

‘कॉपी केली. शमीमने उतरवलं. अक्षर बघ पोरीचं, मोती.’

हे तो अभिमानाने म्हणाला. रौफचाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी तिथे आहे हे त्यांना तेव्हाच कळल्यासारखं पाहिलं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते.

मग मामूने टेबलाचा खण उघडला आणि चिकटपट्टीचं रीळ काढून त्यांच्यासमोर धरलं. ‘हे घे. भोकावर पट्टी लावली की परत रेकॉर्ड होतं. आत जा, भाभीला समजावून सांग. आपा, नळ सोड.’

त्याच्या सगळ्या आयुष्यातलं एवढं एक वाक्य मला त्याला ओळखायला पुरे आहे. त्याने चोरी केली हे मी समजू शकते. पोटात भूक असली की माणूस उचलतो, आणि त्याला गाण्याची भूक होती. पण एका बाईने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं होतं, आणि तो तिच्या नवऱ्याला कडी उचकटायचं हत्यार देत होता, आणि वर माझ्या आईने त्यासाठी नळ सोडावा असं सांगत होता. त्याला यात काही गैर दिसत नव्हतं. अजूनही दिसत नाही.

अम्मी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने भिंतीतून टेपरेकॉर्डरची वायर ओढून काढली. ‘कासम, माझ्या नळाआडून ऐकलंस तू,’ ती म्हणाली. ‘या घरात आता कोण तोंड उघडेल?’

आणि अब्बा म्हणाले, ‘खलास. विषय संपला. सांदण वाढ.’

विषय संपला नव्हता. अब्बांना भांडण नको होतं, मेव्हणा घरातला होता, आणि वर्कशॉपमध्ये मिळणारा मान गोड होता. मला मामूइतकाच अब्बांचाही राग येतो. ते चांगले होते, त्यांना सगळं कळत होतं, आणि त्यांनी सांदणं मागितली. रौफचाचा कॅसेट टेबलावर ठेवून गेले. जाण्याआधी त्यांनी आपला कप विसळला. त्यानंतर ते कधी आले नाहीत. पुढच्या शुक्रवारी चार माणसं आली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोन. बी बाजू बोलायला कुणीच आत गेलं नाही. अम्मी सवयीने तेवढ्याच भाकऱ्या थापत राहिली.

रौफचाचा पुढच्या दोन सुट्ट्यांना गावी गेले नाहीत. जुबेदाचाची मुलाला घेऊन माहेरी गेल्या. त्यापुढे काय झालं ते मला माहीत आहे. ते मी लिहिणार नाही.

मामूचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांत तो दुकान सोडून गावी गेला. गाणं त्याच्या आधी पोहोचलेलं होतं. आधी सरपंच, मग जिल्हा परिषद, मग आमदार. त्याचं राजकारण म्हणजे त्याच्या गाण्याचीच पद्धत होती. लोक त्याच्याकडे यायचे, दार लावून अडचण सांगायचे. तो मनापासून ऐकायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. दुसऱ्या दिवशी ती अडचण भाषणात असायची. एकदा एका कोळणीने आपल्या मुलीबद्दल त्याला काही सांगितलं. त्या भाषणाची बातमी माझ्या टेबलावर आली. मी गावाचं नाव आणि मुलीचं वय कापलं. सकाळी मामूचा फोन.

‘गाव का उडवलंस?’

‘मुलगी ओळखू आली असती.’

‘ओळखू आली तरच लोकांना खरं वाटतं, बेटा. तू एवढी वर्षं पेपरात आहेस, एवढं कळत नाही?’

त्या मुलीला न्याय मिळाला का, हे मी नंतर वार्ताहराला विचारलं. तो म्हणाला, भाषण खूप गाजलं.

या हिवाळ्यात मामू दुबईला आला. वय झालंय, हात थरथरतो, आवाज अजून चांगला आहे. इथल्या कोकणी मंडळींनी एका हॉलमध्ये त्याचा सत्कार ठेवला होता. मला परिचयाच्या चार ओळी लिहून मागितल्या. मी चार ओळी लिहिल्या, त्यांत हे होतं की त्याच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचे शब्द एका दुसऱ्या माणसाच्या खासगी कॅसेटवरून घेतले आहेत. आयोजक मुलाने फोन केला. ‘आंटी, ये थोडा निगेटिव्ह लग रहा है.’ पत्रिकेत मग नेहमीचं वाक्य आलं. तरी मी गेले. नातू सोबत आला.

मामूने स्टेजवरून मला पाहिलं आणि माइकवर म्हणाला, ‘ही माझी भाची शमीम. ते गाणं कागदावर पहिल्यांदा हिने लिहिलं. साक्षीदार आहे ती. ये बेटा, दोन शब्द बोल.’

मी वर गेले. चाळीसहून जास्त वर्षं मी या वाक्याची तयारी केली होती असं नाही, पण ते तयार होतं. मी म्हटलं, ‘साक्षीदार म्हणून सांगते. हे शब्द मामूचे नाहीत. एका माणसाने ते आपल्या बायकोला सांगितले होते. त्याला न विचारता आम्ही ते घेतले. मी आणि मामूने.’

कुणीतरी विचारलं, ‘कोण माणूस? नाव सांगा ना.’

तिथे मी अडकले. नाव सांगितलं असतं तर माझं म्हणणं सिद्ध झालं असतं. लोकांनी त्या दोघांना शोधलं असतं, मोबाइलवर फोटो फिरले असते, गाण्याची खरी कथा म्हणून. मामू माझ्याकडे बघत होता, आणि तो हसत होता. त्याला माहीत होतं की मी नाव घेणार नाही. ‘नाव नाही सांगणार,’ मी म्हटलं.

‘पेपरवाली आहे,’ मामू माइकमध्ये म्हणाला. ‘सूत्रांकडून बातमी आलीय.’ लोक मोकळे होऊन हसले. संगीत सुरू झालं. सगळा हॉल उभा राहून पाव्हण्याचं गाणं म्हणू लागला, दुसऱ्या ओळीला जास्त जोरात.

गाडीत नातू म्हणाला, ‘नानी, दॅट वॉज सो रूड.’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘बट इज इट ट्रू?’ मी म्हटलं, ‘हो.’

हे लिहिताना मी दोन माणसांची नावं, त्यांची वाडी आणि त्यांचं काम बदललं आहे. कासमचं काहीही बदललेलं नाही.

ती कॅसेट माझ्याकडे आहे. अम्मीने ती दागिन्यांच्या डब्यात ठेवली होती, तिच्यामागे माझ्याकडे आली. वाजवायला यंत्र नाही, आणि मला ती वाजवायचीही नाही. कडेला दोन भोकं आहेत. तीन घरं आणि दोन देश झाले. प्रत्येक सामान बांधताना चिकटपट्टीचं रीळ हाताशी असतं. त्या भोकांवर मी पट्टी लावलेली नाही.